क्रिया केव्हां संपते ?

स्पॅनिश भाषेचें व्याकरण शिकूं लागलेल्या मनुष्यास पहिल्या कांहीं महिन्यांत एक अडचण हटकून येते. गेलेला काळ दाखविणारीं रूपें त्या भाषेंत पुष्कळ आहेत, आणि त्यांना दिलेलीं नांवें एकमेकांच्या इतकीं जवळचीं आहेत कीं शिकणारा गोंधळून जातो. ‘प्रेतेरितो पेर्फेक्तो’, ‘प्रेतेरितो इम्पेर्फेक्तो’, ‘प्रेतेरितो इंदेफिनीदो’. आणि एवढ्यानें भागत नाहीं म्हणूनच कीं काय, ज्याला एका पुस्तकांत ‘इंदेफिनीदो’ म्हटलें त्यालाच दुसऱ्यांत ‘पेर्फेक्तो सिंप्ले’, आणि मेक्सिकोंतील शाळेच्या पुस्तकांत नुसतें ‘प्रेतेरितो’ म्हटलेलें आढळतें. पंडितांची ही हौस आहे असें समजून बहुतेक लोक नांवांचा नाद सोडतात व उदाहरणें पाठ करतात. व्यवहारापुरतें तें ठीकच आहे. परंतु ह्या नांवांच्या भांडणाखालीं एक फार जुना नीतीचा प्रश्न दडलेला आहे असें मला वाटतें, आणि त्याचाच थोडा विचार येथें करावयाचा आहे. केलेली गोष्ट संपली असें केव्हां म्हणावें, आणि तें म्हणण्याचा अधिकार कोणाचा ?

प्रथम नांवांचा उलगडा करूं. ‘प्रेतेरितो’ म्हणजे ओलांडून गेलेलें. ‘पेर्फेक्तो’ हा शब्द इंग्रजी शिकलेल्या वाचकांस फसवितो. निर्दोष हा त्याचा मूळ अर्थ नाहीं. शेवटपर्यंत केलेलें, तडीस नेलेलें, एवढेंच त्यांत आहे. अर्थात् ‘इम्पेर्फेक्तो’ हा कांहीं सदोष भूतकाळ नव्हे. ज्या क्रियेचा शेवट वक्त्यानें दाखविलेला नाहीं ती त्यानें सांगतात. आपण ‘तो करीत होता’ व ‘तो करीत असे’ ह्यांस अपूर्णभूत आणि रीतिभूत अशीं दोन नांवें देतों. तीं दोन्ही स्पॅनिशांत ह्या एकाच रूपांत मावतात. ‘इंदेफिनीदो’ म्हणजे अनिश्चित, आणि गंमत अशी कीं, हें नांव ज्या रूपास मिळालें आहे तें सर्वांत निश्चित आहे : ‘तो आला’, ‘तिनें दार लावलें’. ग्रीक वैयाकरणांनीं आपल्या एका भूतकाळास ‘मर्यादा न घातलेला’ अशा अर्थाचें नांव दिलें होतें, त्याची ही छाया होय. फ्रेंच व्याकरणांनीं मात्र आपल्याकडील त्याच जातीच्या रूपास पुढें ‘देफिनी’, म्हणजे निश्चित, असें म्हटलें. पिरेनीज पर्वताच्या एका अंगास जें निश्चित तेंच दुसऱ्या अंगास अनिश्चित ! शेवटीं माद्रिदच्या अकादमीनें १९७३ सालच्या आपल्या व्याकरणाच्या आराखड्यांत ‘साधें पूर्ण’ आणि ‘संयुक्त पूर्ण’ अशीं नांवें घेतलीं, व २००९ च्या मोठ्या व्याकरणांत तींच कायम ठेविलीं. ह्यांतील ‘संयुक्त पूर्ण’ म्हणजे आपलें ‘आला आहे’, ‘गेली आहे’. आपल्या शालेय व्याकरणांत ह्यास पूर्ण वर्तमानकाळ म्हणतात, आणि माद्रिदचे पंडित त्यास भूतकाळांत घालतात. कोणाचें बरोबर, हा वाद दिसतो तितका पोरकट नाहीं.

रूपांचा भेद किती खोल जातो हें दोन उदाहरणांवरून दिसेल. ‘साबीआ’ म्हणजे मला ठाऊक होतें; ‘सुपे’ म्हणजे मला कळलें. धातु एकच, ‘जाणणें’. पण पहिल्या रूपांत ज्ञान आधींपासून नांदत आहे, आणि दुसऱ्यांत तें उंबरठा ओलांडून आंत येत आहे. न्यायालयांत उभ्या राहिलेल्या साक्षीदारास ‘तुला ठाऊक होतें काय ?’ आणि ‘तुला केव्हां कळलें ?’ हे दोन प्रश्न किती निराळे आहेत हें वकिलांस सांगावयास नको. स्पॅनिश भाषेंत तो सारा फरक एका प्रत्ययावर तोललेला असतो. दुसरें उदाहरण ‘मरणें’ ह्या धातूचें. ‘मोरीआ’ म्हणजे तो मरत होता. कदाचित् वैद्य वेळेवर पोंचला असेल, आणि तो गृहस्थ पुढें नातवंडें खेळवीत बसला असेल. वाक्य तसें नाकारीत नाहीं. ‘मुरिओ’, म्हणजे तो मेला, ह्यावर अपील नाहीं.

ह्या सर्व गुंत्यास ज्यानें शिस्त लाविली तो आंद्रेस बेल्यो हा एक विलक्षण पुरुष होता. जन्म १७८१ सालचा, काराकास येथला. १८१० मध्यें तो लंडनला गेला, तेथें जवळजवळ वीस वर्षें ओढगस्तींत काढलीं, आणि १८२९ मध्यें चिलींत आला तो १८६५ त मरेपर्यंत तेथेंच राहिला. चिलीच्या विश्वविद्यालयाचा पहिला कुलगुरु तो. १८४७ मध्यें त्यानें दक्षिण अमेरिकेंतील लोकांकरितां स्पॅनिशचें व्याकरण लिहिलें. आणि १८५५ मध्यें मंजूर झालेली चिलीची दिवाणी संहिताहि मुख्यतः त्याच्याच हातची. एकाच लेखणीनें एका देशाचें व्याकरण व कायदा दोन्ही लिहावीं, असा योग जगांत क्वचित् आला असेल.

बेल्योनें ‘पूर्ण’ व ‘अपूर्ण’ हे शब्दच बाजूस सारले. काळ म्हणजे नातें, असें त्याचें म्हणणें. जी क्रिया बोलण्याच्या क्षणापूर्वींची, ती नुसती ‘प्रेतेरितो’. जी गेलेल्या दुसऱ्या एखाद्या गोष्टीच्या सोबतीनें चालू होती, ती ‘कोप्रेतेरितो’; आपण तिला सहभूत म्हणूं. आणि जी होऊन गेली, पण जिचें नातें आजच्या क्षणाशीं तुटलेलें नाहीं, ती ‘अंतेप्रेसेंते’, वर्तमानाच्या अगदीं दाराशीं उभी असलेली. आपल्या ‘पूर्ण वर्तमान’ ह्या नांवांतहि हीच दृष्टि आहे. ह्या शेवटच्या भेदासाठीं त्यानें दिलेलें उदाहरण मोठें मासलेवाईक आहे. रोमनें जगाचें स्वामित्व मिळविलें हें सांगतांना तो साधा भूतकाळ वापरतो, कारण तें स्वामित्व लयास गेलें. इंग्लंडनें समुद्राचें स्वामित्व मिळविलें हें सांगतांना मात्र ‘मिळविलें आहे’ असें म्हणतो, कारण १८४७ मध्यें तें चालू होतें. आज बेल्यो असता तर त्याला तें वाक्य बदलावें लागलें असतें, आणि आपल्याकडील वाचकांस त्याचें फारसें वाईट वाटलें नसतें.

ह्याहूनहि महत्त्वाचा त्याचा एक भेद आहे, आणि पुढील सर्व विवेचन त्यावरच उभें आहे. त्यानें धातूंचेच दोन वर्ग केले. जन्मणें, मरणें अशा क्रिया पूर्ण होतांच संपतात. पूर्णता हाच त्यांचा शेवट. असणें, पाहणें, ऐकणें अशा क्रिया मात्र पहिल्या क्षणींच पूर्ण होतात आणि पूर्ण होऊनहि चालू राहतात. पहिल्या वर्गास आपण मावळते धातु म्हणूं, दुसऱ्यास टिकते. अॅरिस्टॉटलनें ह्याच्या जवळपासचा विचार फार पूर्वीं केला होता : जो पाहतो त्यानें पाहिलेलेंच असतें, पण जो घर बांधीत आहे त्यानें घर बांधलेलें नसतें. तेव्हां कल्पना अगदीं नवी होती असें नाहीं. ती व्याकरणाच्या पुस्तकांत, विद्यार्थ्यांच्या हातीं, एका कायदेपंडितानें दिली, ही गोष्ट नवी.

आतां आपल्याकडे वळूं. भूतकाळाचे विभाग पाडतांना पाणिनीनें जी कसोटी लाविली ती ‘आज’ची. आजची नसलेली क्रिया एका लकारानें सांगावयाची, आजची व सामान्यतः कोणतीहि गेलेली दुसऱ्यानें; आणि आजची तर नाहींच, पण वक्त्याच्या डोळ्यांपुढें घडलेलीहि नाहीं, ती तिसऱ्यानें. ही ‘आज’ची कसोटी स्पेनमध्यें अजून जिवंत आहे. माद्रिदचा मनुष्य आज सकाळचें जेवण सांगतांना ‘जेवलों आहें’ असें म्हणेल, आणि कालचें सांगतांना ‘जेवलों’. अटलांटिकपलीकडील बहुतेक देशांत मात्र दोन्हीकडे ‘जेवलों’च चालतें. फ्रान्समध्यें पोर्-रॉयलच्या १६६० सालच्या व्याकरणानें हाच एका दिवसाचा नियम फ्रेंचास घातला होता, तो पुढें बोलण्यांतून नाहींसा झाला. परस्परांचें नांवहि ठाऊक नसलेल्या लोकांनीं एका रात्रीच्या झोंपेस भूतकाळाची वेस मानावें ह्यांत कांहींतरी अर्थ आहे. निजून उठलें कीं कालचें तें कालचें झालें, असें माणसाला वाटतें. निदान ज्याला झोंप लागली त्याला.

परंतु पाणिनीच्या परंपरेंतील खरी मौज तिसऱ्या, न पाहिलेल्या भूतकाळाच्या चर्चेंत आहे. शंका अशी निघाली कीं, ‘मी’ ह्या कर्त्याबरोबर हा काळ कसा येईल ? स्वतःची कृति स्वतःला परोक्ष कशी ? उत्तर दिलें गेलें कीं, कर्ता निजलेला किंवा मदानें धुंद असेल तर येईल. आणि टीकाकारांनीं आणखी एक जागा दाखविली : साफ नाकबूल जावयाचें असेल तेव्हां. तूं कलिंग देशांत राहिला होतास ना, असें विचारल्यावर, राहण्याचें राहोच, मी तिकडे गेलोंहि नाहीं, असें म्हणणारा मनुष्य हा काळ वापरतो. नाकबुलीचें व्याकरण इतक्या शांतपणें लिहून ठेवणारे लोक मनुष्यस्वभाव चांगलेच ओळखत असले पाहिजेत. आपलें केलेलें आपण पाहिलेंच नाहीं, असें भाषेकडून वदवून घ्यावयाचें. ह्याची पुढें गरज पडणार आहे.

चिलींत ११ सप्टेंबर १९७३ रोजीं लष्करानें सत्ता घेतली. हजारों लोक धरले गेले, आणि त्यांतील पुष्कळांचा पुन्हां पत्ता लागला नाहीं. त्यांना स्पॅनिशांत ‘देसापारेसिदो’ म्हणतात. मूळचा धातु ‘नाहींसें होणें’, अकर्मक. धुकें नाहींसें होतें तसा. पुढें त्या खंडांतील लोकांनीं त्याला कर्म जोडलें आणि ‘त्याला नाहींसा केला’ ह्या अर्थीं तो सकर्मक वापरूं लागले. हा प्रयोग व्याकरणाच्या वहींत जन्मास आला नाहीं. कर्त्यास लपूं द्यावयाचें नाहीं म्हणून लोकांनीं भाषेला तें वळण दिलें. मराठींत ‘झाला’ आणि ‘केला’ हे शब्द शेजारीं शेजारीं तयारच आहेत. त्यांतला कोणता उचलावयाचा हें बोलणाऱ्याच्या धैर्यावर असतें.

१९७८ च्या एप्रिलांत लष्करी सरकारनें एका हुकुमानें क्षमा जाहीर केली : ११ सप्टेंबर १९७३ पासून १० मार्च १९७८ पर्यंत घडलेल्या कृत्यांबद्दल. दोन तारखांच्या मध्यें जें ‘झालें’, तें झालें. त्याच वर्षाच्या अखेरीस सांतियागोजवळ लोंकेन येथील पडीक चुन्याच्या भट्ट्यांत १५ माणसांचे अवशेष सांपडले. ऑक्टोबर १९७३ मध्यें इस्ला दे माइपो गांवांतून पोलिसांनीं धरून नेलेले ते लोक होते. प्रकरण लष्करी न्यायालयाकडे गेलें आणि क्षमेच्या हुकुमानें मिटलें, कारण खून १९७३ सालचा, म्हणजे तारखांच्या आंतला. ‘मारणें’ हा मावळता धातु. त्यानें सूर्यास्ताची वेळ ठरवून दिली होती.

पण ज्यांचे देह सांपडलेच नव्हते त्यांचें काय ? येथें न्यायाधीश हुआन गुस्मान ह्यांनीं व त्यांच्यासारख्यांनीं धातूच बदलला. मारल्याचा पुरावा नाहीं. पुरावा आहे तो धरून नेल्याचा. आणि पळवून नेऊन कोंडणें हा टिकता धातु आहे. मनुष्य परत मिळेपर्यंत, किंवा त्याचें काय झालें हें कळेपर्यंत, ती क्रिया चालूच. १० मार्च १९७८ च्या रात्रीं ती चालू होती, दुसऱ्या दिवशीं सकाळींहि चालू होती. मग तिला ती क्षमा कशी लागूं होईल? १९९९ मध्यें चिलीच्या सर्वोच्च न्यायालयानें हा युक्तिवाद मान्य करून अधिकाऱ्यांवरील कारवाई पुढें जाऊं दिली, आणि २००४ मध्यें ह्याच तत्त्वावर एक शिक्षा कायम केली. १९९४ सालच्या अमेरिका खंडांतील देशांच्या करारानेंहि, नाहींशा केलेल्या माणसाचें ठिकाण वा भवितव्य कळेपर्यंत तो अपराध चालूच समजावा, असें म्हटलें आहे. बेल्योच्या देशांत बेल्योचा भेद असा फांसाच्या दोरीइतका खरा झाला.

ह्यावर एक आक्षेप आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाहीं. हे लोक १९७३ मध्येंच मेले हें सर्वांना ठाऊक आहे. पंचवीस वर्षांनंतर ते कोठेंतरी कोंडलेले आहेत असें धरून चालणें ही कायद्याची कसरत नव्हे काय ? शिवाय त्यांतून एक विचित्र परिणाम निघतो : देह सांपडला कीं खून सिद्ध होतो, आणि खून सिद्ध झाला कीं क्षमा लागूं होते, म्हणजे आईला मुलाचीं हाडें मिळालीं तर मारेकऱ्याचीहि सुटका होणार. लोंकेनला तेंच झालें होतें. ज्या तत्त्वाला शोध यशस्वी होण्याचीच भीति बाळगावी लागते, तें तत्त्व सरळ नव्हे, असें कोणी म्हटलें तर त्याला मी तरी एकदम निरुत्तर करूं शकणार नाहीं. दुसरा आक्षेप अधिक व्यापक आहे. कोणतेंच क्रियापद मिटूं द्यावयाचें नाहीं असें ठरविलें तर समाजानें जगावें कसें ? अपराधासहि मुदत असते, वैरासहि असावी. स्पेनमध्यें १९३६ ते १९३९ च्या यादवीनंतर आणि फ्रांकोच्या दीर्घ राजवटीनंतर १९७७ चा क्षमेचा कायदा झाला, तो पुष्कळ शहाण्या लोकांनीं ह्याच भावनेनें मान्य केला होता. त्यांना भित्रे ठरविणें सोपें आहे, पण न्याय्य नाहीं.

तथापि मला ह्या आक्षेपांत एक गोष्ट हरवलेली दिसते. ‘लपविणें’ हा धातु कोणत्या वर्गांतला ? गोळी एकदां सुटते, पण देह पुरलेली जागा ज्याला ठाऊक आहे आणि जो ती सांगत नाहीं, तो आज सकाळीं उठून पुन्हां सांगत नाहीं, उद्यां पुन्हां सांगणार नाहीं. त्याचें मौन १९७३ सालचें नाहीं. तें आजच्या तारखेचें आहे. लोंकेनच्या शोधानंतर लष्करांतून हुकूम सुटले, इतर ठिकाणीं पुरलेले देह उकरून काढले गेले, कांहीं समुद्रांत टाकले गेले. त्या मोहिमेस ‘दूरचित्रवाणी यंत्रें हलविणें’ असें सांकेतिक नांव होतें. हें करणाऱ्यांनीं आपणहून दाखवून दिलें कीं काम संपलेलें नव्हतें. तेव्हां ‘जुन्या गोष्टी उकरूं नका’ असें जेव्हां त्यांच्याच बाजूनें म्हटलें जातें, तेव्हां तो भूतकाळ कलिंगाला न गेलेल्या माणसाचा भूतकाळ असतो. क्षमा करावयाची तर ती झालेल्या गोष्टीची करतां येते. चालू असलेल्या गोष्टीची क्षमा म्हणजे परवानगी.

भूतकाळ मिटविण्याची घाई सत्तेला किती असते ह्याचें आणखी एक उदाहरण शेजारच्या अर्जेंटिनांत घडलें. १९७९ मध्यें तेथील लष्करी सरकारनें असा कायदा केला कीं, मागील पांच वर्षांत बेपत्ता झालेल्या माणसांस मृत ठरवून घ्यावें, आणि तसा अर्ज सरकारनें स्वतः केला तरी चालावा. बेपत्ता माणसाचा मृत्यु गृहीत धरण्याची सोय अनेक देशांच्या कायद्यांत आहे. बेल्योच्या संहितेंत आहे, आपल्याकडेहि सात वर्षांची मुदत आहे. ती घरच्या लोकांकरितां असते : जमीन नांवावर व्हावी, बायकोला तिचा मार्ग मोकळा व्हावा. येथें ज्यांनीं नेलें तेच मेल्याचा दाखला द्यावयास निघाले. कुटुंबांनीं विरोध केला. त्यांना वारसा नको होता, प्रश्नाचें उत्तर हवें होतें.

२००६ मध्यें खंडाच्या मानवी हक्क न्यायालयानें चिलीच्या क्षमेचा हुकूम अशा घोर अपराधांपुरता निरर्थक ठरविला, आणि चिलीच्या न्यायालयांनीं तो लागूं करण्याचें सोडलें. त्यामुळें धातु बदलण्याची ती कसरत पूर्वींइतकी आवश्यक राहिली नाहीं. प्रश्न मात्र न्यायालयाबाहेर तसाच आहे. २०२३ मध्यें चिलीच्या सरकारनें शोधाची राष्ट्रीय योजना सुरू केली, तेव्हां यादींत १,४६९ नांवें होतीं.

उत्तरेस आताकामाच्या वाळवंटांत कालामा गांवच्या २६ पुरुषांना ऑक्टोबर १९७३ मध्यें गोळ्या घातल्या. त्यांच्या बायका-बहिणी पुढें कित्येक वर्षें फावडीं घेऊन त्या वाळवंटांत शोधीत राहिल्या. १९९० मध्यें एका दरींत जागा सांपडली, पण देह तेथून आधींच यंत्रानें उचलून नेलेले होते. हातीं आले ते राहून गेलेले बारीक तुकडे. कोणाला बोटाचें हाड मिळालें, कोणाला पाऊल. पात्रिसिओ गुस्मान ह्यांच्या २०१० सालच्या चित्रपटांत ह्या स्त्रिया दिसतात, आणि त्यांतली एक म्हणते कीं तिला तुकडा नको. अखंड माणूस नेला होता, तो अखंड परत हवा. न्यायालयाच्या हिशेबीं एका तुकड्यानेंहि ओळख पटते, मृत्यूची नोंद होते, आणि क्रियापद साध्या भूतकाळांत जाऊन बसतें. ती पुन्हां फावडें घेऊन निघाली.